नाशिक ते नागपूर: अंतर नक्की किती आणि विमानाला वेळ किती?

गोदाकाठची | 8 जानेवारी 2024, रात्री 9:40

मंडळी, जरा मदत करा. बहिणीच्या मुलीचं डोहाळजेवण आहे 20 तारखेला, नागपूरला. आई (वय 78, दोन्ही गुडघे कुरकुरणारे) म्हणते, मला न्यायचंच. नवरा म्हणतो समृद्धीवर गाडी घालतो, सात तासांत पोचवतो. भाऊ म्हणतो विदर्भ एक्स्प्रेस धरा, रात्री झोपा, सकाळी उतरा. मी म्हणते, या वयात तिला एकदा विमानात बसवू.

म्हणून अंतर बघायला बसले आणि डोकंच फिरलं. एका साइटवर 567, दुसरीवर 546, तिसरीवर 339 आणि एका ठिकाणी चक्क 295! रेल्वेचं 650. नवऱ्याचा फोन सहाशेच्या वर दाखवतो. नागपूर एकच आहे ना?

वेळेचंही तेच. साइटवर लिहिलंय 'उड्डाणाचा वेळ 1 तास 10 मिनिटं', तिकिटावर पावणेदोन तास. मधला अर्धा तास विमान करतं काय?

सातपूरकर | रात्री 9:52

येवल्याला पैठणी बघायला थांबतं.

गोदाकाठची | रात्री 9:55

मग तर अर्धा तास कमीच पडेल 😄

मैलाचा_दगड | रात्री 10:31

तुमचे चारही आकडे बरोबर आहेत. साइट काय मोजते आणि कशात मोजते, तेवढाच फरक.

567 किलोमीटर हे शहर ते शहर सरळ अंतर. म्हणजे साधारण आपल्या सीबीएस बसस्थानकावर दोरीचं एक टोक धरलं आणि दुसरं सीताबर्डीवर. 546 हे विमानतळ ते विमानतळ. ओझर नाशिकच्या ईशान्येला आहे, म्हणजे नागपूरच्याच बाजूला, आणि नागपूरचं सोनेगाव शहराच्या थोडं अलीकडे. त्यामुळे दोन्ही टोकांना मिळून वीसेक किलोमीटर कापले जातात. 339 हे तेच 546, फक्त इंग्रजी मैलांत. आणि 295 म्हणजे पुन्हा तेच, सागरी मैलांत. एक सागरी मैल म्हणजे 1.852 किलोमीटर. वैमानिक आणि जहाजवाले त्यातच बोलतात, कारण अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे जवळपास एक सागरी मैल, नकाशावर हिशेब सोपा पडतो. बऱ्याच साइट एकक इतक्या बारीक अक्षरात छापतात की चष्मा लावूनही दिसत नाही.

नकाशावर पट्टी ठेवून बघा, मजा येते. ओझरपासून रेघ निघते ती मनमाडला जवळजवळ चाटून, अजिंठ्याच्या डोंगरावरून, बुलढाण्यावरून, अकोल्यावरून आणि अमरावती थोडी डावीकडे ठेवून नागपुरात. रेल्वे मनमाडनंतर चाळीसगाव-जळगाव करत वर भुसावळला चढते, मग अकोला-बडनेरा करत खाली वर्ध्याला उतरते आणि पुन्हा वर नागपूरला. शंभर किलोमीटर त्या वळशातच जातात. (विमानही अगदी पट्टीवरून जात नाही बरं का, त्यालाही ठरलेले हवाई मार्ग असतात. पण एवढ्याशा अंतरात फार फरक पडत नाही.)

लोको_भुसावळ | रात्री 10:44

वळसा म्हणू नका साहेब, भुसावळ म्हणा 🙂

650 बरोबर आहे. मुंबईहून नाशिकरोड 187 आणि नागपूर 837, वजा करा. रात्रीच्या गाडीला दहा-अकरा तास. आजींसाठी माझं मत रेल्वेलाच. पाय पसरून झोपता येतं, बाथरूम आहे. ज्येष्ठांची सवलत मार्च 2020 पासून बंद आहे हे खरं, पण वय नीट भरलं तर जागा असेल तेव्हा खालचा बर्थ आपोआप मिळतो.

गोदाकाठची | रात्री 10:50

काका, बर्थ मिळेल हो, पण हलत्या गाडीत रात्री तिला दोनदा उठावं लागतं. मागच्या वेळी मी रात्रभर तिचा हात धरून दारापाशी उभी होते. तुमच्या गाडीचा दोष नाही, गुडघ्यांचा आहे.

ओझरचे_काका | 9 जानेवारी, सकाळी 6:15

ताई, तुमच्या अर्ध्या तासाचं उत्तर देतो. आयुष्य ओझरच्या कारखान्यात गेलं. 1964 साली मिग-21 या लढाऊ विमानांसाठी उभा राहिलेला कारखाना तो. मिगच्या हिशेबाने नागपूर म्हणजे चहा गार व्हायच्या आत, पण त्यात आजींना बसवता येणार नाही.

1 तास 10 मिनिटं कुठून येतात? साइटचं गणित ठोकळेबाज असतं. 546 ला ताशी 800 ने भागलं की झाली 41 मिनिटं, त्यात चढ-उताराची म्हणून अर्धा तास सरसकट मिळवायचा. एक तास अकरा. पण ताशी 800 ही जेटची चाल. आपल्याकडून नागपूरला जातं ते एटीआर-72, पंख्याचं. ते पाचशेच्या आसपास जातं. म्हणजे 65 मिनिटं, अधिक तोच अर्धा तास, झाले एक तास पस्तीस. वर कंपनी दहा मिनिटं पदरची ठेवते. जमला ना तिकिटाचा हिशेब?

आणि तिकिटावरचा वेळ हा हवेतला नसतोच मुळी. चाकांना लावलेले ठोकळे काढले तिथपासून पलीकडे पुन्हा ठोकळे लावले तिथपर्यंत. यात धावपट्टीपर्यंत रांगत जाणं आलं, परवानगीसाठी थांबणं आलं, उतरल्यावर जागेवर येणं आलं. ती पदरची दहा मिनिटं ठेवतात त्याचंही कारण आहे. पंधरा मिनिटांच्या आत पोचलं की ते विमान 'वेळेवर' धरलं जातं. म्हणून कधी कधी घोषणा होते की आपण वेळेआधी पोचलो आहोत, आणि लोक खूश.

एटीआरबद्दल आजींच्या कामाचं: दार मागच्या बाजूला असतं, पुढे सामानाचा कप्पा. म्हणून मागच्या रांगेतली सीट घ्या, चालणं वाचेल. विमान बुटकं आहे, चढ फार नाही. व्हीलचेअर दोन दिवस आधी सांगून ठेवा, तिचे पैसे पडत नाहीत. चढता-उतरताना कान दुखले तर लिमलेटची गोळी.

समृद्ध_प्रवासी | सकाळी 9:20

यजमानांच्या बाजूने कोणीतरी बोलायला हवं, म्हणून बोलतो.

पावणेदोन तास, पावणेदोन तास काय लावलंय? घरून ओझर एक तास. काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतो, म्हणजे दीड तास आधी हजर. विमान पावणेदोन. सामान, टॅक्सी, एक तास. झाले सव्वापाच. समृद्धीने बघा: सिन्नरच्या पुढे गोंद्याला चढायचं, तिथून नागपूर 565 किलोमीटरच्या आसपास. ताशी 120 ची परवानगी. पाच तास धरा. नाशिक ते गोंदे एक, पलीकडे शिवमडक्याहून शहरात अर्धा-पाऊण. साडेसहा ते सात. दीड तासाच्या फरकासाठी चौघांची तिकिटं काढायची? टोल सध्या (2024 च्या सुरुवातीला) किलोमीटरला 1 रुपया 73 पैसे, म्हणजे हजारच्या आत.

सातपूरकर | सकाळी 9:34

गोंदे म्हणजे सिन्नरचं गोंदे हे मोठ्याने सांगा. माझा साडू फोनवर गोंदे टाकून इगतपुरीकडच्या गोंदे दुमाल्याला जाऊन उभा राहिला होता. तिथून फोन, 'अरे, इथे नुसते कारखाने आहेत!'

मैलाचा_दगड | सकाळी 9:58

समृद्धवाले, तुमच्या हिशेबात गाडी थांबतच नाही. चहा नाही, डिझेल नाही, आजींचे गुडघे मोकळे करणं नाही. सलग पाच तास 120 ने चालवायचं तर टायर आणि डोळे, दोन्ही चांगले हवेत. सरळ, रिकामा, एकसुरी रस्ता, गुंगी येते. दर दीड तासाला उतरायचंच असा नियम करा. आठच्या आत पोचलात तर मला सांगा.

समृद्ध_प्रवासी | सकाळी 10:05

थांबे मान्य. साडेसात.

मैलाचा_दगड | सकाळी 10:06

आठ.

वऱ्हाडी_ठेचा | सकाळी 11:40

काऊन भांडता जी, या ना कसेबी. थंडीत नागपूर मस्त असते.

एक सांगतो, तुमाले जाताना कमी वेळ लागन आणि येताना जास्त. हिवाळ्यात वरचं वारं पश्चिमेकडून पूर्वेकडं वाहते. नाशकाहून इकडं येताना ते पाठीशी, परत जाताना तोंडावर. मी दोन-तीनदा घड्याळ लावून पाह्यलं, आठ-दहा मिनिटांचा फरक पडतेच.

आणि विमानाचं आम्हाले शिकवू नका बाप्पा. 1949 पासून रात्रीची टपाल विमानं आमच्या सोनेगावलेच जमायची. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, चारी दिशांनी मध्यरात्री यायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करायची अन् आपापल्या गावाले परत. का, तर नागपूर सगळ्यायच्या मधात. झिरो माइल काय उगाच आहे काय इथं?

ओझरचे_काका | दुपारी 1:10

वाऱ्याचं अगदी बरोबर. ताशी 40 चं वारं धरा. जाताना जमिनीवरचा वेग 540, येताना 460. 546 किलोमीटरला जाताना 61 मिनिटं, येताना 71. दहा मिनिटं नुसत्या वाऱ्याची. विमान हळू असेल तितका वारा जास्त जाणवतो, म्हणून एटीआरला हे जेटपेक्षा जास्त दिसतं.

आणि मैलांचा विषय निघालाच आहे तर, तुम्ही ओझरला जाताना महामार्ग सोडता ती जागा दहावा मैल. दहा मैल म्हणजे 16 किलोमीटर. रस्त्यावर किलोमीटरचे दगड येऊन किती वर्षं झाली, पण लोकांच्या तोंडात मैलच. तिथून जानोरीच्या रस्त्याला लागा, टर्मिनल त्या बाजूला आहे. कारखान्याच्या गेटवर जाऊन उभे राहू नका, पुष्कळ जण राहतात. आणि धावपट्टी कारखान्याची, संरक्षण खात्याची जागा आहे, तेव्हा मोबाईल काढून फोटोचा सपाटा लावू नका.

कॉलेजरोड_04 | दुपारी 2:25

एवढं करण्यापेक्षा मुंबईहून का जात नाही? तिथून दिवसाला कितीतरी विमानं आहेत आणि जेट असतं, लवकर पोचतं.

गोदाकाठची | दुपारी 2:40

नागपूरला जायला आधी उलट्या दिशेने पावणेदोनशे किलोमीटर? कसारा घाट, भिवंडी, आणि मग विमान परत आमच्याच डोक्यावरून! आई म्हणेल, इथेच उतरवा.

सातपूरकर | दुपारी 2:44

कॉलेजरोड, तुला कॉलेज रोडवरून द्वारका चौक ओलांडायला किती वेळ लागतो ते आधी सांग. ओझरच्या प्रवासातला सगळ्यात लांबचा टप्पा तोच आहे.

कॉलेजरोड_04 | दुपारी 2:51

🙏

गोदाकाठची | 10 जानेवारी, रात्री 8:15

विमान ठरलं! आई, मी आणि भाऊ. नवरा रुसला आहे. तो म्हणतो, मी गाडीच आणणार, बघू कोण आधी.

नवा प्रश्न. आईने ओटीसाठी पाच नारळ, वाटीभर सुकं खोबरं, तिळाच्या वड्या, दोन किलो द्राक्षं आणि लिंबाच्या लोणच्याची बरणी काढून ठेवली आहे. बॅगेत 15 किलो, हातात 7. यातलं काय चालतं?

ओझरचे_काका | रात्री 8:40

सुकं खोबरं मुळीच नाही, हातातही नाही आणि बॅगेतही नाही. त्यात तेल असतं, ते आग धरतं, म्हणून धोक्याच्या वस्तूंत मोडतं. लोणचं हातातल्या पिशवीत नको, काढून घेतील. बॅगेत टाकायचं तर बरणी घट्ट, दोन पिशव्यांत गुंडाळून. तिळाच्या वड्या खुशाल न्या. द्राक्षं न्यायला हरकत नाही, पण दुसऱ्या टोकाला त्यांचा रस निघेल.

वऱ्हाडी_ठेचा | रात्री 8:52

नागपुरात नारळ भेटत नाही असं कोन सांगितलं आजीले? तेवढ्या जागेत चिवडा आणा.

गोदाकाठची | रात्री 9:03

मी हेच सांगितलं. ती म्हणते, ओटीचा नारळ माहेरचाच हवा. शेवटी नारळ, खोबरं, लोणचं, द्राक्षं सगळं नवऱ्याच्या गाडीत. त्याचा रुसवा एकदम गेला. म्हणतो, बघा, शेवटी गाडीच लागली.

समृद्ध_प्रवासी | रात्री 9:10

😎

लोको_भुसावळ | रात्री 9:30

रेल्वेत हे सगळं गेलं असतं. बोलत नाही.

मैलाचा_दगड | 12 जानेवारी, सकाळी 7:50

ताई, एक सूचना. त्या दिवशी दुपारनंतरचं विमान असेल तर सकाळपासून त्यावर लक्ष ठेवा. एकच विमान दिवसभर या गावाहून त्या गावाला फिरत असतं. गेल्या वर्षी दुसऱ्या एका शहरात मी चार तास बसून होतो. आमच्याकडे ऊन पडलं होतं, पण विमान सकाळी उत्तरेत धुक्यात अडकलेलं, आणि तो उशीर गावोगाव वाटत ते आमच्यापर्यंत आलं. काउंटरवरचा मुलगा 'अर्धा तास' असं आठ वेळा म्हणाला. हल्ली विमानं कुठे आहेत ते फोनवर दिसतं. आपलं विमान आधीच्या गावाहून सुटलं की मगच घर सोडा असं मात्र करू नका, काउंटर वेळेवरच बंद होतो.

गोदाकाठची | 21 जानेवारी, रात्री 10:20

पोचलो, डोहाळजेवण झालं, सगळं छान. कबूल केल्याप्रमाणे हिशेब देते. घड्याळातली वेळ लिहिण्याऐवजी दाराला कुलूप लावलं तो क्षण शून्य धरते.

0:00 इंदिरानगर, कुलूप.
0:02 कुलूप परत उघडलं. गॅस. (बंदच होता.)
0:08 खरंखुरं निघालो.
0:22 द्वारका. इथे मी दोन वेळा घड्याळ बघितलं आणि भावाने एकदा कपाळाला हात लावला.
0:39 द्वारका संपली.
1:03 दहावा मैल.
1:14 टर्मिनल. व्हीलचेअर घेऊन एक मुलगा आला. आई आधी बसायला तयार नव्हती, 'मी काय आजारी आहे का?' बसली, आणि मग उतरायला तयार नव्हती.
2:43 विमान जागेवरून हललं. तिकिटापेक्षा दोन मिनिटं आधी!
2:55 चाकं जमिनीवरून उचलली.
4:08 चाकं नागपुरात टेकली.
4:14 थांबलं. तिकिटाप्रमाणे 4:30 ला थांबायचं होतं. काकांची पदरची दहा मिनिटं आणि ठेचादादांचं वारं, दोन्ही खरं निघालं.
4:38 सामान आलं.
5:09 प्रतापनगर, बहिणीचं दार.

म्हणजे प्रत्यक्ष हवेत 1 तास 13 मिनिटं. समृद्धवाल्यांचा सव्वापाचचा अंदाज सहा मिनिटांनी चुकला, त्यांना माझ्याकडून तिळाची वडी.

नवरा पहाटे पाचला निघाला होता, मित्राला सोबत घेऊन. तीन थांबे. आठ तास दहा मिनिटं. मैलाचा दगड जिंकले. तो मात्र म्हणतो, त्यातली पंचवीस मिनिटं नागपुरात शिरल्यावर पत्ता शोधण्यात गेली, ती धरायची नाहीत.

द्राक्षं शाबूत पोचली. लोणच्याची बरणी सीटखाली सांडली. गाडीला अजून वास येतोय.

आईचं म्हणाल तर ती खिडकीला नाक लावून बसली होती. अर्ध्या वाटेवर मला विचारलं, 'बुलढाणा गेलं का?' माझी मावशी तिथे द्यायची होती आणि लग्न मोडलं, ती गोष्ट सत्तर सालची. मग उरलेला सगळा वेळ त्याच विषयात गेला. आज सकाळी तिला झिरो माइल दाखवायला नेलं. तो दगडी खांब, ते चार घोडे. 1907 सालचा, सर्वेक्षणवाल्यांनी उभा केलेला, असं भाच्याने सांगितलं. ती बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, 'म्हणजे आपण दहाव्या मैलावरून निघालो आणि शून्यावर आलो. मग पुढे गेलो का मागे?'

ओझरचे_काका | रात्री 10:41

आजींना नमस्कार सांगा. परतताना वारं तोंडावर असेल, दहा मिनिटं जास्त धरा.

वऱ्हाडी_ठेचा | रात्री 10:48

अन् चिवडा?

गोदाकाठची | रात्री 10:55

चिवडा गाडीतच राहिला, लोणच्याच्या शेजारी. खाणार असाल तर पत्ता पाठवा.

आता एकच. बाळ मार्चअखेर अपेक्षित आहे, म्हणजे बारसं एप्रिलमध्ये, आणि आईने आत्ताच जाहीर केलंय की ती गाडीत बसणार नाही आणि रेल्वेतही नाही. पण विमानांचं उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारपासून बदलतं, यंदा तो 31 तारखेला आहे. नवे दिवस आणि वेळा दिसल्या की कोणीतरी इथेच टाका, मी धागा वर काढत राहीन.

लोको_भुसावळ | रात्री 11:02

रेल्वेचं आरक्षण सध्या (जानेवारी 2024) 120 दिवस आधी उघडतं. एप्रिलचं आजही मिळतंय. एवढंच सांगायचं होतं.